मुका फेरा

मिस्त्रींबद्दल मला कुणी काही विचारू नये असं मला अडतीस वर्षं वाटत आलं, आणि अडतीस वर्षं लोक नेमके मलाच विचारत आले. का, तर मी त्यांच्या बहिणीचा नवरा. वर पुन्हा एकाच जंगलात, एकाच यंत्रावर कामाला. आता सांगून टाकतो. मध्ये मध्ये टोकू नका, मला राग लवकर येतो.

आमचं जंगल समुद्राला टेकलेलं होतं. चढावर झाडं, खाली छोटी खाडी, खाडीत बोटीचा धक्का. वर झाड पाडायचं, ओंडके करायचे आणि ते लोखंडी दोराने ओढून खाली पाण्यापर्यंत आणायचे. दोर ओढणारं यंत्र धक्क्याजवळ होतं. वाफेवर चालणारं, काळंकुट्ट, नाकातून धूर सोडत फुरफुरणारं. आम्ही त्याला रेडा म्हणायचो. जग डिझेलवर जाऊन जुनं झालं तरी आमच्या मालकाला रेडाच प्यारा, कारण लाकूड फुकटचं. या रेड्यावर मिस्त्री बसायचे. हाताखाली दोन दांडे, पायाखाली एक ब्रेक, आणि पुढे भिंतीसारखा ड्रम. वरचं त्यांना काही म्हणजे काही दिसायचं नाही.

म्हणून मी. चढाच्या मध्यावर एका मोठ्या बुंध्यावर मी उभा राहायचो. माझ्या हातात एक बारीक तार, ती झाडाझाडावरून खाली थेट रेड्याच्या शिट्टीला जोडलेली. तार ओढली की खाली शिट्टी वाजायची. एक शिट्टी म्हणजे ओढ. चालत्या दोरावर एक म्हणजे थांब. दोन म्हणजे ढील दे. सात लांब शिट्ट्या म्हणजे माणूस सापडला, हातातलं टाकून धावा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिस्त्री प्रत्येक शिट्टीला तशीच उलट शिट्टी द्यायचे, आणि मगच दांडा ओढायचे. वरच्या माणसासाठी ती उलट शिट्टी म्हणजे बाजूला उडी मारायची शेवटची संधी.

ओंडक्याला दोराचा फास लावायचं काम धाकट्याकडे होतं. धाकटा म्हणजे मिस्त्रींचा सगळ्यात लहान भाऊ, माझा मेहुणा. बावीस वर्षांचा, हसरा, आणि भयंकर आगाऊ. मला बुंध्यावर उभा बघून ओरडायचा, "जावईबुवा, पुतळा झाला का तुमचा?" मधली माझी बायको. आईबाप लवकर गेले, तेव्हा या दोघांना मिस्त्रींनीच वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "दोन पोरं आहेत की मला, अजून किती हवीत?"

माझं लग्न व्हायच्या आधी आम्ही अरेतुरेत बोलायचो. लग्न झालं आणि दुसऱ्या दिवशी हा माणूस मला "अहो जावईबुवा" म्हणायला लागला. मी म्हटलं, अरे, काल रात्रीपर्यंत शिव्या देत होतास! तर म्हणाले, "काल तुम्ही माझ्या बहिणीचे कोणी नव्हतात." मीही मग दादा आणि तुम्ही करायला लागलो.

आता शनिवारची गोष्ट. शनिवारी आम्ही घरी जायचो आणि बोट भरतीवर सुटायची. भरती काही आमच्यासाठी थांबणार नाही. बोट चुकली की रविवार जंगलातल्या खोपटात डास मारत काढायचा. म्हणून शनिवारच्या शेवटच्या ओंडक्याला एक रीत पडली होती. मी एक शिट्टी द्यायची आणि मिस्त्रींनी उलट शिट्टी न देता सरळ ओढायचं. तेवढंच अर्धं मिनिट वाचायचं. आम्ही त्याला मुका फेरा म्हणायचो. हे साहेबाला माहीत होतं, मुकादमाला माहीत होतं, धाकट्यालाही माहीत होतं. सगळ्यांना घरी जायचं होतं. वर्षानुवर्षं काही झालं नव्हतं, मग कोण कशाला बोलेल?

त्या शनिवारी बोटवाला घायकुतीला आला होता. भोंग्यावर भोंगा चालू. रेड्याचा भट्टीवालासुद्धा बोटीत जाऊन बसला होता. वर धाकटा, मध्ये मी, खाली मिस्त्री, एवढेच राहिलो होतो. धाकट्याने फास लावला, बाजूला झाला, आणि मग फास सरकलेला दिसला म्हणून परत आत गेला. मला तळवा दाखवला. थांबा म्हणून. मी बघितलं. मी आंधळा नव्हतो, बघितलं मी. पण मला घाई होती. बायको सातव्या महिन्यात, सकाळी तिला बरं नव्हतं. मी म्हटलं, याचं होईपर्यंत आपण तारेचं मागचं टोक गुंडाळून ठेवू, म्हणजे खाली जाताना वेळ नको. शेवटचा इशारा दिल्याशिवाय तार गुंडाळायला घ्यायची नाही हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी गुंडाळायला लागलो. तार कुठल्याशा फांदीत अडकली. मी हिसडा दिला.

खाली शिट्टी वाजली. एक.

मिस्त्रींनी दांडा ओढला. मुका फेरा होता, त्यांनी ओढायलाच हवं होतं. त्यांनी थांबून उलट शिट्टी दिली असती तर? हा प्रश्न मी त्यांच्या वतीने स्वतःला लाख वेळा विचारलाय, आणि दर वेळी मला माझीच लाज वाटलीय. मी किंचाळलो, तार ओढली, दोर थांबला. पण तोवर ओंडका धाकट्यावर फिरला होता. मग मी सात शिट्ट्या दिल्या. त्या सगळ्यांनी ऐकल्या. आधीची एक बोटीच्या भोंग्यात बुडाली. ती ऐकणारे आम्ही दोघंच.

धाकट्याला बोटीतूनच नेलं. मिस्त्री त्याच्या डोक्याशी बसले होते. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तार गुंडाळत होतास?" मी हो म्हटलं. कितीतरी दिवसांनी मला तू म्हणाले. "तोंडाला कुलूप लाव. शिट्टी वाजलीच नाही. मी ओढलं. ती सातव्या महिन्यात आहे. एकाच दिवशी भाऊ पण जाणार आणि नवरा पण मनातून उतरणार, हे तिला झेपायचं नाही." मी म्हटलं, दादा, असं कसं? तर म्हणाले, "मोठा मी आहे."

आणि मी मूग गिळून बसलो. सोमवारी साहेबाच्या खोलीत चौकशी झाली. मिस्त्रींनी सांगितलं, इशारा नव्हता, माझा अंदाज चुकला. मला विचारलं, तू इशारा दिला होतास? मी म्हटलं, नाही. बघा, एका शब्दात काम झालं. त्यांना रेड्यावरून उतरवलं आणि धक्क्यावर पिंपं धुवायला लावलं. त्या दिवशी त्यांनी रेड्याची पितळी शिट्टी पान्याने खोलली आणि फडक्यात गुंडाळून घरी नेली. कुणी अडवलं नाही.

माझ्या बायकोने त्यांच्या तोंडावर दार लावलं. "एक भाऊ याने मारला आणि दुसरा आजपासून मला मेला," म्हणाली. बाई शब्दाची पक्की. दोन गल्ल्या पलीकडे ते राहायचे, पण अडतीस वर्षांत एक अक्षर बोलली नाही. आमची लेक झाली, शाळेत गेली, तिचं लग्न झालं. लग्नाच्या दिवशी मामा रस्त्याच्या पलीकडे सायकलच्या दुकानापाशी उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी बघितलं, आणि पाहुण्यांकडे वळलो. माझ्या काळजाचं काय झालं ते सांगून काय उपयोग? मी वळलो, हे खरं.

चोरून भेटायचो मात्र. घरी सांगायचो, दाढी करून येतो. आठवड्यातून तीन वेळा सलूनमध्ये जाणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? आणि येताना दाढी तशीच! बायकोने कधी विचारलं नाही. मिस्त्रींची खोली म्हणजे एक खाट, एक खुर्ची, खिडकीत बरण्या, आणि बरण्यांत खिळे, नट, वायसर, सगळे मापाप्रमाणे लावलेले. रेड्याने त्यांचे कान कधीच खाल्ले होते. पुढे पुढे ते ओठ बघूनच बोलणं ओळखायचे. मी विषय काढला की मान फिरवायचे. बहिऱ्या माणसाशी भांडता येत नाही हो, त्याने डोळे मिटले की तुमचं संपलं.

मग जंगल बंद झालं. रेडा खाडीवर तसाच गंजत पडला, ड्रममधून झाड उगवलं. आणि दोन वर्षांपूर्वी बंदरावरच्या संग्रहालयाला त्याची आठवण आली. एक चुणचुणीत मुलगी तिथे नोकरीला आहे. तिने तराफ्यावरून रेडा आणवला, आवारात उभा केला आणि मिस्त्रींना शोधून काढलं. ऐंशीच्या घरातला माणूस! पण रोज सकाळी रॉकेल, चिंध्या आणि तारेचा ब्रश घेऊन हजर. झाडाच्या मुळ्या चिमट्याने एकेक करून उपटल्या. ड्रमच्या दात्यात हात घालून गंज खरवडायचे, तेव्हा मुलगी घाबरायची. म्हणायचे, "हा मला ओळखतो." एका दिवशी फडकं उलगडून शिट्टी काढली. मुलगी तर नाचायलाच लागली. भट्टी पेटवायला परवानगी नव्हती, म्हणून शिट्टीला हवेचा पंप जोडला. बुंधा म्हणून चाळीस पावलांवर एक खांब रोवला आणि तिथपर्यंत तार टाकली.

इथवर ठीक होतं. मग मुलगी आमच्या घरी आली, धाकट्याचा फोटो मागायला. आठ दिवसांनी रेडा लोकांना दाखवायचा कार्यक्रम होता, तेव्हा फलकावर लावायचा होता. बायकोने पेटीतून फोटो काढला, पदराने पुसला, आणि विचारलं, "फलकावर काय लिहिलंय?" मुलीने कागद दाखवला. मी मागून वाचला. 'चालकाने इशाऱ्याची वाट न पाहता दोर ओढल्याने या तरुण कामगाराचा मृत्यू झाला.' मिस्त्रींनीच तसं सांगितलं होतं म्हणे.

"तो असणार आहे तिथे?" बायकोने विचारलं. मुलगी चाचरत हो म्हणाली.

"असू दे. मी येणार. हे त्याच्या तोंडावर मोठ्याने वाचणार. त्याला ऐकू येत नसेल तर समोर उभी राहून वाचणार."

मी तसाच उठलो. "दाढीला जातो," म्हटलं. ती म्हणाली, "जा."

मिस्त्रींना मी खुर्चीवर बसवलं, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड माझ्याकडे धरलं आणि सांगितलं, दादा, आता बास. ती तुम्हाला चारचौघांत वाचून दाखवणार आहे. त्याआधी मी तिला सगळं सांगतो. तर हा माणूस हसला! "येणार आहे का ती?" एवढंच विचारलं. "समोर उभी राहणार?" मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? ती शिव्या द्यायला येतेय! म्हणाले, "येतेय ना." मग गंभीर झाले. "जावईबुवा, या वयात तिला एकटी पाडू नका. माझं काय, मला सवय आहे. तुम्ही गप्प राहायचं." आणि डोळे मिटून घेतले.

मी परत आलो. सांगायचं ठरवूनच आलो होतो. ती फोटोशी बोलत बसली होती. मी चहा प्यायलो आणि झोपलो. पुढचे आठ दिवस रोज ठरवलं, आणि रोज चहा प्यायलो.

त्या दिवशी आवारात पन्नासेक माणसं असतील. शाळेची मुलं, जुने दोनचार कामगार, आमची लेक, जावई. मिस्त्री रेड्यावर चढून बसले होते. तोच इस्त्रीचा शर्ट, आता खांद्यावरून ओघळलेला. मुलीने मला खांबापाशी उभं केलं. तिला काय माहीत! म्हणाली, "आजोबा, एक शिट्टी द्या." मी तार ओढली. एक. मिस्त्रींना ती कानाने नाही, बसल्या जागी अंगाला कळत असावी. त्यांनी उलट शिट्टी दिली आणि मग ऐटीत दांडा ओढला. दांडा नुसताच हलला, पुढे काही जोडलेलं नव्हतं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात बायको पुढे झाली. फलकापाशी नाही, रेड्यासमोर जाऊन उभी राहिली. वाचायला तिला फलक लागलाच नाही, पाठ होतं सगळं. मिस्त्री तिच्या ओठांकडे बघत होते. एकेक शब्द तोडून ती म्हणत होती, "चालकाने, इशाऱ्याची, वाट न पाहता..." आणि ते मान हलवत होते. शाळेत मुलाने उत्तर बरोबर दिलं की मास्तर हलवतात तशी.

आणि माझे हात! देवाशपथ सांगतो, मी काही ठरवलं नव्हतं. मला तिथून पळून जायचं होतं, आणि माझे हात तार गुंडाळायला लागले होते. घरी जायची घाई झाली की हेच करायचं, एवढंच त्या हातांना येत होतं. तारेचा वेढा खांबाच्या खिळ्याला अडकला. मी हिसडा दिला.

शिट्टी वाजली. एक.

आणि मिस्त्रींनी, त्या ऐंशीच्या माणसाने, बहिणीच्या तोंडावरची नजर न हलवता, उलट शिट्टी न देता, सरळ दांडा ओढला.

मुलं खिदळली. बायको बोलता बोलता थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. माझ्या हातातल्या वेढ्यांकडे. मिस्त्री घाईघाईने वरून ओरडले, बहिरी माणसं ओरडतात तसं, "काही नाही, काही नाही! तार अडकली असेल! सवय राहिली नाही त्यांना!"

अजूनही झाकत होते. अडतीस वर्षं झाकलं आणि अजूनही झाकत होते. तिथे माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाचा राग आला सांगता येत नाही, पण आला. आणि रागाच्या भरातच मला जे आठ दिवस जमलं नव्हतं ते जमलं. मी म्हटलं, "अगं, हे असंच झालं होतं. तो तळवा दाखवत होता आणि मी तार गुंडाळत होतो. शिट्टी वाजली होती. माझ्या हातून वाजली होती. दादा खोटं बोलले. मीही बोललो."

पंपाची तेवढी घरघर चालू होती. मुलीने तो बंद केला.

बायको माझ्याकडे आली नाही. मला वाटलं येईल, थोबाडीत मारेल. मी तयार होतो. ती रेड्याकडे वळली, मान वर केली, ओठ नीट दिसतील अशी, आणि म्हणाली, "खाली उतर."

अडतीस वर्षांतला पहिला शब्द. मिस्त्री लटपटत उतरायला लागले. शेवटच्या पायरीवर पाय सापडेना, तेव्हा तिने दंड धरला. उतरवून घेतलं, आणि मग सोडला नाही.

"तुला कुणी सांगितलं होतं रे?"

"तू पोटुशी होतीस," मिस्त्री म्हणाले. हळूच म्हणायला गेले असतील, पण सगळ्या आवाराला ऐकू गेलं.

"मग? मी काय काचेची होते?" तिचा आवाज फाटला. "मला दोन भाऊ होते. एक रेड्याने नेला. दुसरा नेणारा तू कोण? लेकीच्या लग्नात रस्त्यापलीकडे उभा राहिलास तेव्हा दिसत नव्हतास का मला? घरात जाऊन रडले मी, आणि वर स्वतःलाच शिव्या घातल्या, की त्याच्यासाठी रडते म्हणून!"

मिस्त्री तिच्या ओठांकडे बघतच राहिले. सगळं कळलं की नाही कोण जाणे. डोळ्यांत पाणी आलं की ओठ नीट दिसत नाहीत. ती त्यांचा दंड धरून फाटकाकडे चालायला लागली. जाताना माझ्या जवळून गेली. मला काही म्हणाली नाही. मी हातातल्या तारेचं काय करावं ते न कळून तिथेच उभा राहिलो, आणि मग लेकीने ती काढून घेतली. लेकीनेही माझ्याकडे बघितलं नाही.

संग्रहालयातली मुलगी दुसऱ्या दिवशी विचारायला आली, फलकावर आता काय लिहायचं. मी सांगितलं, जे झालं ते लिही, माझं नाव घाल. ठळक घाल.

याला आता दोन महिने झाले. मिस्त्री रोज दुपारी आमच्याकडे जेवतात. बायको त्यांच्याशी इतकं बोलते की त्या बिचाऱ्याचे डोळे दुखत असतील तिच्या ओठांकडे बघून. धाकट्याचं लहानपण, आईबापाचं घर, कुणाकुणाच्या गमती. माझं ताटही वाढते. पोळी गरम असते, पाणी भरलेलं असतं. माझ्याशी बोलत नाही. शब्दाची पक्की आहे, मघाशी सांगितलंच. मी एकदा म्हटलं, अगं, मार, ओरड, काहीतरी कर. ती भांडी घासायला उठून गेली.

काही सांगायचंच झालं तर त्यांच्याकडे तोंड करून सांगते. काल भाजीत मीठ कमी पडलं होतं. मी गप्प खात होतो. ती भावाला म्हणाली, "यांना विचार, मीठ हवंय का." मिस्त्रींनी तिचे ओठ नीट वाचले, माझ्याकडे वळले आणि गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "जावईबुवा, ती विचारतेय, मीठ हवंय का?"

मी म्हटलं, "सांगा तिला, हवंय." ती माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती. मिस्त्रींनी तिला सांगितलं, आणि तिने मीठ त्यांच्या हातात दिलं.